जिन्यात बसलेल्या काकू

परतीचा पाऊस एकदाचा थांबला की आठ-दहा दिवसांत कर्जतहून कडावकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वास येऊ लागतो. कापून पडलेल्या भाताचा. ओला पेंढा, उन्हानं वाफाळलेली माती आणि त्यात मिसळलेलं काहीतरी दुधाळ. या वासात आता पूर्वीसारखा सलगपणा राहिलेला नाही. मध्ये मध्ये फार्महाउसच्या भिंती येतात, त्यांच्यापुढे नुसता गवताचा आणि रंगाचा वास असतो. मग पुन्हा एखादं शेत येतं आणि पुन्हा तो दुधाळपणा नाकात शिरतो. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रानं कापणी होते, दिवसभराचं काम तासाभरात उरकतं, पण वास मात्र तोच आहे.

परवा त्या रस्त्यानं जाताना स्कूटर आपसूक हळू झाली. दरवर्षी होते. सहा वर्षं झाली. लोकांना या वासानं नव्या तांदळाची आठवण येते, दिवाळीची येते. मला माझ्या एका चुकीची येते.

त्या वर्षी मी एकतीस वर्षांची होते. पुण्यात शिकून, दोन वर्षं तिथेच उमेदवारी करून खोपोलीला आईकडे परत आले होते. एका संस्थेनं कर्जतच्या बाजारात, खत-बियाण्यांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन समुपदेशन केंद्र सुरू केलं होतं. केंद्र म्हणजे ती खोली, दोन खुर्च्या, एक टेबल आणि मी. खालच्या गोणपाटांचा आणि युरियाचा वास जिन्यातून थेट वर यायचा. पहिल्या महिन्यात एक गृहस्थ वर आले ते काही बोलायला नाही, सूचना करायला. म्हणाले, "मॅडम, बोर्ड जरा बारीक करा. नुसती मान वर केली तरी बाजार बघतो, कोण वर बघतोय म्हणून."

स्वतःच्या पायांनी येणारे थोडे. बहुतेकांना कुणीतरी आणलेलं असायचं. असा आणलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो, पटकन उठता यावं म्हणून. घड्याळाकडे बघतो. "मला काय झालंय? हिलाच विचारा," म्हणतो. आमच्या शिक्षणात याला विरोध म्हणतात आणि त्यावर काय काय करावं हे शिकवलेलं असतं. घाई करू नये, वाद घालू नये, शांतता सोसावी. मला ते सगळं तोंडपाठ होतं. आणि एखादा खरा अवघड माणूस समोर यावा, मी त्याला बोलतं करावं, अशी एक हाव मनात होती. तेव्हा मी तिला उमेद म्हणत असे.

यशवंतकाका आणि सुनंदाकाकू आले ते गणपती गेल्यानंतरच्या गुरुवारी. आधी काकू वर आल्या, कठड्याला धरून, दम खात. मागून काका. उंच, रुंद खांद्यांचा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, पण महिनाभर ते कंपनीत गेले नव्हते.

"मॅडम, हे माजे मालक," काकू म्हणाल्या. "रसायनीला कंपनीत ऑपरेटर हायेत. आमची पोरगी गेली श्रावणात. अश्विनी. कॉलेजला चालली व्हती खोपोलीला, गाडीवरनं पडली. तवापासनं हे कामाला जात नायत, शेतात जात नायत, बोलत नायत. तुमी बोला जरा त्यांच्याशी."

एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मी भाहेर बसते."

मी "हो, बसा" म्हटलं आणि दार लावून घेतलं. बाहेर बसायला जागा नव्हती. जिन्याची वरची पायरी होती, तिच्यावर त्या बसल्या असणार. असणार म्हणते, कारण मी बघितलं नाही.

काकांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "पोरगी परत आणाल का?"

"नाही."

"मग झालं."

त्या दिवशी त्यापुढे ते एक शब्द बोलले नाहीत. पाऊण तास आम्ही दोघं बसून होतो. खाली गोण्या उतरवल्याचे धप्प धप्प आवाज येत होते. मी मनात म्हणत होते, शांतता सोसायची. त्यांना ती सोसावी लागत नव्हती, ते तिच्यातच राहायला गेले होते.

पुढच्या गुरुवारी अकराला परत दोघं हजर. त्यापुढच्याही. काकू त्यांना गावातून टमटमनं आणायच्या. शेजारी विचारत, तेव्हा "खताच्या दुकानात चाललोय" सांगायच्या आणि ते खोटं ठरू नये म्हणून जाताना खालून मेथीच्या बियांचं एक पाकीट घेऊन जायच्या. हे मला त्यांनीच हसत सांगितलं होतं. श्रावणात लेक गेलेल्या त्या बाईला हसताना बघून मला वाटलं, केवढी खंबीर आहे ही.

तिसऱ्या गुरुवारी काका आत येऊन बसले आणि काकू दारातच घुटमळल्या. मग मला जिन्यात बोलावून हळूच म्हणाल्या, "मॅडम, राग मानू नका. ते तुमचं हेल्मेट तेवढं दुसरीकडं ठेवाल का? हे सारखं त्याच्याकडंच बघत बसतात."

मी मागे वळून बघितलं. माझं हेल्मेट टेबलाच्या कोपऱ्यावर होतं. खोपोलीहून पळसदरीमार्गे ज्या रस्त्यानं मी रोज यायची, त्याच रस्त्यावर अश्विनी पडली होती. तीन आठवडे तो बाप माझ्यासमोर बसून त्या हेल्मेटकडे बघत होता आणि मी माझ्या टिपणवहीत 'नजर टाळतात' असं लिहीत होते. आत न येता, दाराच्या फटीतून, काकूंना जे दिसलं ते मला समोर बसून दिसलं नव्हतं.

हेल्मेट मी कपाटात ठेवलं. पण तेवढ्यावर थांबले नाही. मला धागा सापडल्यासारखं वाटलं. चौथ्या गुरुवारी, काका टेबलाच्या त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत असताना मी विचारलं, "काका, अपघाताचा दोष तुम्ही स्वतःला देता का?"

ते उठले. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. "हिनं सांगितलं तुमाला?"

"नाही, नाही, काकूंनी काहीच..."

ते बाहेर पडलेसुद्धा. जिन्यात त्यांचा आवाज घुमला, "काय काय सांगत बसतीस गं लोकांना?" काकू म्हणत होत्या, "काय नाय सांगितलं मी. खरंच काय नाय." उतरताना त्यांनी एकदा वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार असती तर बरं झालं असतं. ती माफी मागणारी नजर होती.

पाचव्या गुरुवारी काकू एकट्याच आल्या. काका घरात त्यांच्याशीही बोलायचे बंद झाले होते. माझ्या एका प्रश्नामुळे. मी तसं म्हटलं तर त्यांनी मलाच समजावलं, "तुमी काय मुद्दाम केलंत का? त्यांचा सभावच तसा. पण तुमी त्यांना सोडू नका, मॅडम."

त्या दिवशी पहिल्यांदा त्या आतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला. मी विचारलं, विचारलं नाही असं नाही. "काकू, तुम्ही कशा आहात?"

"मी? मी बरी हाय. माजं काय!"

"झोप लागते?"

"लागती की. दिवसभर काम केल्यावर लागती."

मग त्यांनीच विषय बदलला. म्हणाल्या, "एक सांगू का? तुमी कापणीला या आमच्याकडं. इथं खुर्चीवर बसवून नाय बोलायचे ते. हाताला काम असलं का माणसाचं तोंड सुटतं."

मला ते फार पटलं. इतकं, की नंतर पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक बाईंना फोनवर सांगताना ती कल्पना माझीच असल्यासारखी मी बोलले. त्या दिवशी काकू गेल्यावर मी वहीत त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली. तोवरच्या पाच आठवड्यांतली एकुलती एक. 'पत्नी सावरलेली. चांगले सहकार्य.'

दसऱ्यानंतर त्यांच्या शेतावर गेले. कडावच्या पुढे, आत वळून, कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता. सकाळी नऊ-साडेनऊची वेळ. दव अजून वाळलं नव्हतं. अर्धं शेत कापून झालेलं, अर्धं सोनेरी उभं. काकांनी कंपनीला दांडी मारली होती पण भाताला मारता आली नव्हती. ते वाकून विळा चालवत होते आणि मागून काकू पेंढ्या गोळा करून भारे बांधत होत्या. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते, पण काम मात्र असं चाललं होतं की एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा.

मला बघून काका पुन्हा विळा चालवू लागले. मी चप्पल काढली, बांधावरून उतरले आणि काकूंच्या शेजारी पेंढ्या उचलायला लागले. भाताची पात किती कापते ते मला तेव्हा कळलं. तासाभरात हातावर लाल रेघा. काकू म्हणाल्या, "राहू दे, तुमाला सवय नाय." त्या स्वतः उजव्या हातानंच जास्त काम करत होत्या. बंध आवळताना गुडघा लावत होत्या, डाव्या हातावर जोर येऊ नये म्हणून. मी हे बघितलं. आज डोळे मिटले तरी दिसतं, इतकं नीट बघितलं. वाटलं, दुखत असेल, कापणीचे दिवस आहेत.

ऊन वर आल्यावर आम्ही बांधावरच्या ऐनाच्या झाडाखाली बसलो. काकूंनी भाकरी आणि सुकटीची चटणी काढली. काकांनी दोन घास खाल्ले, मग समोरच्या कापलेल्या शेताकडे बघत, कुणालाच न उद्देशून म्हणाले, "केस धुतले व्हते तिनं."

मी हातातला घास तसाच धरला.

"केस ओले हायेत पप्पा, म्हणाली. हेल्मेट घातलं तर वास येतो. मी म्हणलं, जा. नको घालू. जा." हातातली भाकरी खाली ठेवली. "मीच म्हणलं."

वाऱ्यानं उभ्या भाताचा आवाज येत होता, वाळलेल्या पानांसारखा. काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"मला ठाऊक हाय," काकू म्हणाल्या.

काकांनी झटकन मान वळवली.

"हेल्मेट खुंटीलाच व्हतं ना. त्या दिवशी दुपारीच बघितलं मी. तुमी आतल्या खोलीत असताना."

"मग बोलली का नायस?"

"काय बोलू? तुमाला काय ठाऊक नव्हतं का?"

काका रडले. मोठ्यानं, गुडघ्यात डोकं घालून, एवढ्या मोठ्या माणसाला न शोभणाऱ्या आवाजात. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिल्या. पलीकडच्या शेतातली माणसं क्षणभर थांबली आणि मग मुद्दाम जास्त जोरानं कापायला लागली.

परतताना मी स्कूटरवर गात होते. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं आहे. काका बोलले होते. आठवड्याभरात कामावर रुजू झाले. मार्गदर्शक बाई फोनवर म्हणाल्या, "शाब्बास, फार संयमानं केलंस." त्या सगळ्या आनंदात एक साधा हिशेब माझ्या लक्षात आला नाही. जी बाई श्रावणापासून खुंटीवरचं ते हेल्मेट बघत होती, नवऱ्याला जड जाईल म्हणून गिळून बसली होती, ती अजून काय काय गिळून बसली असेल?

पौषात काकांचा फोन आला. "हिला मुंबईला आणलंय. मोठ्या दवाखान्यात. छातीत गाठ हाय म्हणतात. लई मोठी हाय म्हणतात."

मी गेले. काकू खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. मला बघून उठून बसायला लागल्या, मला बसायला जागा नाही म्हणून त्यांनाच ओशाळं झालं. काका औषधं आणायला खाली गेले होते. मी विचारलं, "काकू, कधी कळलं तुम्हाला?"

"गणपतीच्या आधीच लागली व्हती हाताला. न्हाताना."

म्हणजे माझा जिना पहिल्यांदा चढल्या तेव्हा त्यांना माहीत होतं. प्रत्येक गुरुवारी माहीत होतं.

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी साध्या, खरोखरच कळत नसल्याच्या आवाजात विचारलं, "कुणाला?"

मग त्यांनाच माझी दया आली असावी. माझा हात धरून म्हणाल्या, "ह्यांना सांगितलं असतं तर ते अजून आत गेले असते. आधी त्यांना जरा वर काढावं, मग माजं बघू म्हणलं. घरात एका वेळेला एकच दुखणं परवडतं, मॅडम."

वैशाखात त्या गेल्या. चार महिने आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का, असं मी एका डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या उत्तराला कितीदा उलटंपालटं करून बघितलं असेल. त्यात माझी सुटका नाही आणि शिक्षाही नाही.

बोलायला नकार देणारी माणसं मी तेव्हापासून खूप बघितली. खुर्ची ढकलून जाणारी, मला शिव्या देणारी, दाराबाहेरूनच परत फिरणारी. त्यांची मला आता भीती वाटत नाही. त्यांचा नकार निदान दिसतो, दार लावल्याचा आवाज येतो. मला भीती वाटते ती 'मी बरी हाय' म्हणणाऱ्यांची. त्यांचा नकार हसत येतो, दुसऱ्याला हाताला धरून आणतो, वेळेवर येतो, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं लक्षात ठेवतो. घरातलं सगळ्यांचं दुखणं त्यांना कळतं, आणि त्यामुळेच त्यांना कुणी विचारत नाही. विचारलंच तर माझ्यासारखं, वहीत एक ओळ लिहिण्यापुरतं.

आता माझ्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. कुणालाही कुणी घेऊन आलं की मी आणणाऱ्यालाही वेगळा वेळ देते. पुष्कळांना ते आवडत नाही. "मला कशाला? त्याच्यासाठी आलोय आपण," म्हणतात. मी चिकाटीनं विचारते. एक बाई तर रागावून म्हणाली, "तुमी काय माज्यात आजार शोधताय का?" मी हो म्हटलं. असं करून काकू काही परत येत नाहीत, ते मला माहीत आहे.

काका अजून त्याच घरात आहेत. यंदा निवृत्त होतील. शेत करतात, थोडं. भेटले की बोलतात. त्यांच्याबद्दल सांगायचं ते, काकू गेल्या त्याच वर्षीच्या कापणीतलं.

गुरुवार होता. दुपारचे तीन वाजत आले होते. जिन्यात पावलं वाजली आणि दारात काका उभे. एकटे. पायाला चिखल, शर्टाला भाताची कुसळं लागलेली. कापणीच्या भर दिवसांत, शेत टाकून कुणी बाजारात येत नाही. मी उभी राहिले. ते आत येऊन बसले, खुर्चीच्या कडेवर नाही, नीट टेकून.

"आज मी बोलतो," म्हणाले. "तुमी मधी काय विचारू नका."

मी विचारलं नाही. ते बोलले. अश्विनीबद्दल फार नाही, काकूंबद्दल. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना लावणी येत नव्हती, डोंगरापलीकडच्या गावातल्या होत्या, चिखलात पाय रुतला की हसत सुटायच्या. पहिलं मूल पोटातच गेलं, त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. त्यांना गोड आवडायचं आणि ते त्या कुणाला कळू द्यायच्या नाहीत. कंपनीच्या पाळीवरून काका आले की आधी डबा उघडून बघायच्या, किती खाल्लं, किती उरलं. शेवटच्या महिन्यात बोलता येत नव्हतं तेव्हा त्यांनी खुणेनं विचारलं होतं, जेवलात का?

बोलता बोलता त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "कोपऱ्यावरनं वर येताना ती रोज मला समजवायची. आज बोला, म्हणायची. एकदा तरी बोला. आणि मग इथं बाहेर बसायची. चार वेळा बसली. तिला आत बोलवावं, बस म्हणावं, हे मला नाय सुचलं."

"काका, ते मला सुचायला हवं होतं," मी म्हटलं. "माझं कामच ते होतं. त्या आल्या तेव्हापासून त्यांना गाठ होती आणि मी त्यांना बाहेर बसवलं. माझी चूक आहे ती."

हे वाक्य मी त्याआधी कुणालाच बोलले नव्हते. मार्गदर्शक बाईंना नाही, आईला नाही. काका 'नाही हो, तुमची काय चूक' म्हणतील, असं कुठेतरी मला वाटत असावं. त्यांनी तसं म्हटलं नाही.

"तुमी परक्या," ते म्हणाले. "मी सत्तावीस वर्षं एका ताटात जेवलो."

खिडकीतून माथेरानच्या बाजूचं आभाळ दिसत होतं. तिथे ढग चढत होते. काका उठले.

"निघतो. कापून टाकलंय, आभाळ आलंय. भारे बांधायला कोण नाय."

दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. दाराच्या चौकटीला हात लावून, मान खाली घालून त्यांनी विचारलं, "पुढल्या गुरुवारी आलो तर चालंल का?"

मी हो म्हटलं. ते गेले. त्यांच्यामागून एक बाई आपल्या भावाला घेऊन आली होती. मी दोघांनाही आत बोलावलं.